बिनकागदाचे कसब : मुंबईच्या गिरण्या, बेकारी आणि पुनर्प्रशिक्षण

बेकार झालेल्या कामगाराला नवे कसब शिकवले की त्याला नवे काम मिळेल, हा विचार भारतातील औद्योगिक धोरणाचा उघड भाग बनला तो 1991 च्या आर्थिक सुधारणांनंतर; आणि त्याची कसोटी ज्या शहरांत लागली त्यांत अहमदाबाद आणि कानपूर यांच्या बरोबरीने मुंबईचेही नाव घ्यावे लागते. या विचाराच्या मुळाशी एक गृहीतक असते, ते असे की काम सुटलेला कामगार हा काही तरी कमी असलेला माणूस आहे, त्याच्या ठायी ज्ञानाची उणीव आहे आणि ती वर्गात बसवून भरून काढता येते. मुंबईच्या कापडगिरण्यांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या गृहीतकाला फारसा आधार देत नाही. गिरणी कामगार आयुष्यभर शिकत आला होता, यंत्रे बदलली तशी त्याने हातांची सवयही बदलली होती. मात्र त्याचे शिकणे कोणत्याही शाळेच्या दप्तरात नोंदले गेले नाही, आणि जे कसब कागदावर नव्हते ते गिरणीचे फाटक बंद होताच बाजारात जवळजवळ बेमोल ठरले. हे कसब कसे घडले आणि ते कागदावर का आले नाही, हे पाहिल्याशिवाय पुनर्प्रशिक्षणाच्या योजना का फसल्या याचा उलगडा होत नाही.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेल्या ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ची गिरणी ताडदेव येथे 1856 मध्ये सुरू झाली. यंत्रे विलायतेहून आली, ती उभारणारे आणि प्रारंभीची देखरेख करणारे तंत्रज्ञही मुख्यतः लँकेशायरचे होते, आणि यंत्रावर उभा राहणारा माणूस मात्र कोकणातून आणि घाटावरून, म्हणजे रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या भागांतून आलेला शेतकरी किंवा शेतमजूर होता. विलायती मास्तरची भाषा कामगाराला समजत नव्हती आणि कामगाराची मास्तरला. या दोहोंच्या मधली जागा ज्याने भरून काढली तो जॉबर. जॉबर म्हणजे एका खात्यातील कामगारांच्या तुकडीचा मुकादम. पण कामगार भरती करणे, त्यांना काम वाटून देणे, यंत्राची किरकोळ दुरुस्ती करणे, रजा देणे आणि कामावरून काढून टाकणे हे सर्व अधिकार त्याच्याकडे एकवटलेले होते. स्त्रिया काम करत त्या खात्यांत हेच काम नाईकीण करत असे. भरतीच्या बदल्यात जॉबर दस्तुरी घेई, कधी कर्जाऊ पैसे देई, कधी राहण्याची सोय करून देई. त्यामुळे त्याच्याविषयी इतिहासकारांनी आणि सरकारी समित्यांनी जे लिहिले ते बहुतांशी त्याच्या लाचखोरीविषयी आहे. तो गिरणगावाचा, म्हणजे मुंबईतील गिरण्यांच्या वस्तीचा, एकमेव प्रशिक्षक होता, ही बाजू त्यामुळे काहीशी झाकोळली गेली.

नवा माणूस शिके तो असा. गावाहून आलेला पोरगा आपल्या चुलत्याच्या किंवा मेहुण्याच्या ओळखीने जॉबरपुढे उभा राही, आणि त्याच नातलगाच्या शेजारी काही आठवडे, कधी काही महिने, बिनपगारी उभे राहून काम पाहत असे. तुटलेला धागा जोडणे, भरलेल्या कांड्या उतरवून रिकाम्या चढवणे, साच्यावर धोटा कधी थांबवायचा हे कानाने ओळखणे (माग या अर्थी गिरणीत साचा हाच शब्द रूढ होता, आणि धोटा म्हणजे आडवा धागा वाहून नेणारी लाकडी नाव), हे सारे तोंडी सांगून शिकवता येण्याजोगे नव्हतेच. ज्या खात्यात शेकडो मागांच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, तेथे शिक्षण डोळ्यांनी आणि बोटांनीच होते. या पद्धतीचा फायदा मालकाला उघड होता, कारण शिकाऊ माणसाचा खर्च त्याला एक पैही पडत नव्हता. तो खर्च त्या पोराचे बिऱ्हाड, म्हणजे बैठकीच्या खोलीत आळीपाळीने झोपणारे त्याचे गावकरी, उचलत होते.

शास्त्रशुद्ध तंत्रशिक्षण शहरात नव्हते असे नाही. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 1887 मध्ये, मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. भायखळ्यात सुरू झालेली ही संस्था 1923 मध्ये माटुंग्याला गेली आणि आज ती वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांच्या साहाय्यावर ती उभी राहिली आणि वस्त्रोद्योग हा तिच्या अभ्यासक्रमाचा प्रारंभापासूनचा विषय होता. परंतु तेथील शिक्षण इंग्रजीतून होते, आणि तेथून बाहेर पडणारा विद्यार्थी वीव्हिंग मास्तर किंवा स्पिनिंग मास्तर होत असे. साच्यावर उभा राहणारा माणूस त्या इमारतीत विद्यार्थी म्हणून शिरण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. एकाच उद्योगात अशा रीतीने ज्ञानाच्या दोन वाटा झाल्या, एक प्रमाणपत्राची आणि एक नात्यागोत्याची, आणि त्या पुढील शंभर वर्षे एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, पण त्यांचा रोख अक्षरज्ञानावर आणि नागरिकत्वाच्या घडणीवर होता. रात्रशाळेत शिकून कामगाराचा मुलगा कारकून किंवा शिक्षक होऊ शके, म्हणजे शिक्षण हे गिरणीतून बाहेर पडण्याचे साधन होते. कवी नारायण सुर्वे यांनी गिरणीतील मजुरी आणि शाळेतील शिपाईगिरी करत शिक्षण पुरे केले आणि ते महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले, हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय.

गिरणगावातील बेकारीचे स्वरूप समजण्यासाठी ‘बदली’ हा शब्द समजून घेणे आवश्यक आहे. गैरहजर कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला माणूस म्हणजे बदली. पहाटेचा भोंगा झाला की फाटकाशी अशा माणसांची गर्दी जमे, जॉबर त्यांतून हवे तितके उचली आणि उरलेले घरी परतत. काहींची अशी दहा-पंधरा वर्षे गेली. कायम कामगार दरवर्षी पेरणीला, शिमग्याला, गणपतीला गावी जात असल्याने गैरहजेरी मोठी असे, आणि ती भरून काढण्यासाठी मालकांना अर्धबेकारांचा एक साठा कायम हाताशी हवा होता. याचा अर्थ असा की गिरणीच्या व्यवस्थेत बेकारी आणि प्रशिक्षण या एकमेकांपासून वेगळ्या अवस्था नव्हत्याच. बदली म्हणून ताटकळत राहण्याचा काळ हाच शिकण्याचा काळ होता, आणि आज एका खात्यात तर उद्या दुसऱ्या खात्यात काम मिळत गेल्यामुळे मुरलेला बदली कामगार पुष्कळदा कायम कामगारापेक्षा अधिक यंत्रे ओळखत असे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात जॉबरच्या हातून भरतीचे अधिकार काढून घेण्याची शिफारस केली. पुढे 1935 मध्ये मालकसंघाने बदली नियंत्रण पद्धत आणली, तिच्यात निवडक बदली कामगारांना कार्ड देऊन रिकाम्या जागांवर त्यांना अग्रक्रम देण्याची व्यवस्था झाली. गिरणी कामगाराला मिळालेला हा बहुधा पहिला महत्त्वाचा कागद. त्यावर त्याचे नाव होते, त्याला काय येते याविषयीची पारख मात्र पूर्वीप्रमाणे जॉबरच्या डोक्यातच राहिली.

नात्यागोत्यावर आधारलेल्या या शिक्षणपद्धतीला एक अंधारी बाजू होती आणि तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कसब नात्यातून मिळत असेल तर ज्याचे नाते नाही त्याला ते मिळत नाही. विणकाम खात्यात मजुरी सर्वांत चांगली होती, परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या कामगारांना त्या खात्यात शिरकाव नव्हता. सांगितले जाणारे कारण असे की धोट्यात नवी कांडी भरताना धाग्याचे टोक त्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागे, आणि सवर्ण विणकरांना तो विटाळ वाटे. या ‘धोटा चोखण्या’पासून आरोग्याला होणारा धोका वैद्यकीय दृष्टीने खराच होता, पण आक्षेप आरोग्याचा नव्हता. गिरणगावातील 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि संपाच्या मागण्यांत तो घेण्यास संघटनेच्या पुढाऱ्यांना भाग पाडले. कसबाचे शिक्षण सार्वजनिक संस्थेच्या हाती न देता खात्यातील बिरादरीच्या हाती ठेवल्याचा हा सरळ परिणाम होता, आणि कामगार चळवळीच्या इतिहासात त्याची नोंद जितक्या ठळकपणे व्हायला हवी तितकी झालेली नाही.

1928 चा तो सहा महिन्यांचा संप, ज्यात सुमारे दीड लाख कामगार उतरले, मुळात यंत्रामुळे येणाऱ्या बेकारीविरुद्धचा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळातील तेजी ओसरल्यावर आणि जपानी कापडाची स्पर्धा वाढल्यावर काही मालकांनी, विशेषतः ससून समूहाच्या गिरण्यांनी, ‘रॅशनलायझेशन’ची, म्हणजे थोड्या माणसांत अधिक यंत्रे चालवण्याची, पद्धत आणली. तोवर मुंबईचा विणकर दोन साचे पाहत असे, त्याने तीन पाहावेत, आणि सूत काढणाऱ्याने कताईयंत्राची एक बाजू सोडून दोन्ही बाजू सांभाळाव्यात, अशी ही योजना होती. मालकांच्या मांडणीत हा कार्यक्षमतेचा, म्हणजे एका अर्थी कामगाराला अधिक शिकवण्याचा प्रश्न होता. कामगारांनी साधा त्रैराशिक हिशेब मांडला, की दोघांचे काम जर एकाने शिकले तर दुसऱ्याने जायचे कुठे. त्या वर्षी जन्मलेल्या गिरणी कामगार युनियनची (लाल बावटा) ताकद या हिशेबातून आली. पुढच्या दशकांत विणकर चार साचे आणि स्वयंचलित मागांवर त्याहून कितीतरी अधिक साचे पाहू लागला, म्हणजे तो शिकला, आणि त्याने शिकावे तितके त्याच्या खात्यातले मनुष्यबळ कमी होत गेले.

या यंत्रबदलाची पहिली किंमत स्त्रियांनी मोजली, आणि ती इतक्या निमूटपणे की तिच्यासाठी संप झाला नाही. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत स्त्रियांचा वाटा सुमारे एक पंचमांश होता. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत, म्हणजे सूत कांडीवर गुंडाळण्याच्या आणि त्याच्या लडी करण्याच्या कामावर होत्या. वेगवान यंत्रे आली तसतशी ही खाती आटली किंवा पुरुषांकडे गेली. कायद्याने रात्रपाळीस बंदी असल्याने तीन पाळ्यांच्या हिशेबात स्त्री बसत नव्हती, आणि 1929 च्या मुंबई प्रसूतिलाभ कायद्याने तिच्यावरचा खर्च वाढवल्यामुळे मालक तिला टाळू लागले. 1982 च्या संपाचा भोंगा वाजला तोवर गिरण्यांतील स्त्रियांची संख्या नगण्य झाली होती. नवे वाइंडिंग यंत्र चालवण्यास त्यांना शिकवावे असे मालकाला, सरकारला आणि खेदाची गोष्ट म्हणजे बहुतेक युनियनलाही वाटले नाही. पुनर्प्रशिक्षणाचा विचार करण्याची संधी मुंबईने अशा रीतीने तो शब्द प्रचारात येण्याच्या पन्नास वर्षे आधीच गमावली होती.

स्वातंत्र्याच्या आसपास राज्यसंस्थेने या क्षेत्रात पाऊल टाकले, पण तिच्या नजरेसमोर गिरणी कामगार नव्हता. रोजगार विनिमय केंद्रे 1945 मध्ये सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या सैनिकांना काम मिळवून देण्यासाठी. त्याच यंत्रणेने फाळणीनंतर निर्वासितांना कसबे शिकवली, आणि तिच्यातूनच 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना व औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आजच्या परिचयातील आयटीआय, उभ्या राहिल्या. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की भारतातील व्यावसायिक प्रशिक्षणाचा उगमच विस्थापितांच्या पुनर्प्रशिक्षणात आहे. तथापि योजना स्थिरावल्यावर ती शालेय इयत्तेची आणि वयाची अट असलेल्या तरुणांपुरती आक्रसली, आणि 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने हाच साचा पक्का केला. वस्त्रोद्योगासाठी 1950 च्या सुमारास आलेल्या डीकॅज्युअलायझेशन योजनेने बदली कामगारांची नोंदणी करून त्यांना फाटकावरच्या रोजच्या लिलावातून काही अंशी सोडवले. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ 1958 मध्ये स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नागपूरला आले. परंतु त्याचे ‘कामगार शिक्षण’ म्हणजे कायदा, संघटना, हक्क आणि उत्पादकता यांविषयीचे प्रबोधन होते, दुसरा धंदा शिकवण्याचे ते काम नव्हते. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत यांत्रिकीकरणाविषयी जो त्रिपक्षीय करार झाला त्याचे सूत्र असे होते की असलेल्या कामगारांना कमी करू नये, त्यांचे उत्पन्न घटू देऊ नये आणि लाभाची वाटणी न्याय्य व्हावी. तत्त्व उदार होते. त्यातून झाले असे की कामावर असलेल्याला संरक्षण मिळाले, कामाबाहेर पडणाऱ्यासाठी मात्र व्यवस्था उभी करण्याची निकड कोणालाच भासली नाही. 1953 पासून औद्योगिक विवाद कायद्यात कपातीच्या भरपाईची तरतूद झाली, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. भरपाई म्हणजे रक्कम, आणि पुढील चाळीस वर्षे भारतीय कायद्याला बेकारीवर रकमेखेरीज दुसरे औषध सुचले नाही.

18 जानेवारी 1982 रोजी कामगार पुढारी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. येथे त्याच्या परिणामाशीच कर्तव्य आहे. साठच्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार संपात होते, त्यांच्या मागण्यांत वेतनवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती, आणि 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला एकमेव प्रातिनिधिक संघटना मानल्यामुळे वाटाघाटींचा मार्ग बंद होता. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, तो विरत गेला, आणि लाखाहून अधिक कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही. संपकाळात गावी गेलेले कित्येक जण तेथेच राहिले. उरलेल्यांपैकी विणकरांना एकच परिचित वाट होती, भिवंडीच्या यंत्रमागांची. गिरण्यांनी मोडीत काढलेले माग तेथे पोचले होते आणि त्यांच्या मागोमाग ते चालवणारे हातही पोचले. तेथे बारा तासांची पाळी होती, मजुरी गिरणीच्या तुलनेत फारच थोडी होती, भविष्यनिर्वाह निधी किंवा राज्य कामगार विम्याचा पत्ता नव्हता. या माणसांना काही शिकायचे राहिले नव्हते. त्यांचे सगळे कसब त्यांच्यापाशी शाबूत असताना त्याची किंमत उतरली, आणि ‘कौशल्याचा अभाव म्हणून बेकारी’ या सूत्राला याहून चोख अपवाद सापडणे अवघड आहे.

केंद्र सरकारच्या जून 1985 च्या वस्त्र धोरणाने गिरण्यांना असलेले झुकते माप काढून घेतले, आजारी गिरण्या बंद होऊ देण्याची तयारी दाखवली, आणि त्याची भरपाई म्हणून 1986 मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी सुरू केला. गिरणी कायमची बंद झाल्यास पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 टक्के आणि तिसऱ्या वर्षी 25 टक्के अंतरिम साहाय्य मिळावे अशी ही योजना होती. तीन वर्षांची ही उतरती पायरी पाहिली म्हणजे धोरणकर्त्यांच्या मनातील चित्र कळते: तेवढ्या काळात कामगाराने दुसरे काही शिकावे आणि मार्गी लागावे. मुंबईच्या बाबतीत अडचण ‘कायमची बंद’ या दोन शब्दांत होती. येथील बहुसंख्य कामगार चालू गिरणीने परत न घेतल्यामुळे बेकार झाले होते, आणि ज्या गिरण्या खरोखर थंडावल्या होत्या त्याही कायद्याच्या भाषेत बंद नव्हत्या. काही आजारी उद्योगांच्या मंडळापुढे वर्षानुवर्षे पडून होत्या, तर 1983 मध्ये सरकारने ताब्यात घेतलेल्या तेरा गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या छत्राखाली अर्धवट श्वास घेत होत्या. साहाय्याची आणखी एक अट बोलकी होती: दुसऱ्या नोंदणीकृत उद्योगात नोकरी मिळाली तर साहाय्य थांबे, स्वतःचा छोटा धंदा टाकला तर थांबत नसे. सरकारला बेकार कामगार कारखान्यात परतलेला दिसण्यापेक्षा गाडीवर भाजी विकताना दिसण्याचीच अपेक्षा अधिक होती, असा निष्कर्ष त्यातून काढला तर तो फारसा अन्यायाचा होणार नाही.

‘पुनर्प्रशिक्षण’ हा शब्द सरकारी योजनेच्या शीर्षस्थानी आला तो 1992 मधील नॅशनल रिन्यूअल फंडामुळे, म्हणजे राष्ट्रीय नूतनीकरण निधीमुळे. सार्वजनिक आणि खाजगी उद्योगांच्या पुनर्रचनेत कमी होणाऱ्या कामगारांना समुपदेशन, पुनर्प्रशिक्षण आणि पुनर्नियुक्ती मिळावी, हा त्याचा जाहीर हेतू. प्रत्यक्षात निधीचा फार मोठा भाग केंद्रीय उपक्रमांतील स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देण्यातच खर्च झाला आणि 2000 मध्ये निधी गुंडाळण्यात आला. त्याच्या जागी पुढे केंद्रीय उपक्रमांपुरती समुपदेशन व पुनर्प्रशिक्षणाची लहान योजना आली. जे प्रशिक्षण झाले ते शिवणकाम, वाहन चालवणे, विजेच्या उपकरणांची दुरुस्ती अशा थोड्या आठवड्यांच्या वर्गांतून झाले. चाळिशी ओलांडलेला, वीस वर्षे एका खात्यात घालवलेला, मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस अशा वर्गातून बाहेर पडल्यावर त्याची स्पर्धा आयटीआयतून नुकत्याच निघालेल्या विशीतल्या मुलाशी होती, आणि नवे काम देणारे कारखाने शहरातून ठाणे-बेलापूर पट्ट्याच्याही पलीकडे सरकत चालले होते. शिवाय हे प्रशिक्षण व्यक्तीला दिले जात होते, आणि गिरणगावात काम व्यक्तीला कधी मिळालेच नव्हते, ते गावाला, भावकीला, खात्याला मिळत आले होते. ती वीण सुटलेल्या माणसाला प्रमाणपत्र हाती देऊन एकट्याने बाजारात उभे करणे, ही त्याच्या दृष्टीने अगदी अनोळखी पद्धत होती.

पुनर्प्रशिक्षणाच्या सरकारी नावाशिवाय जे घडले त्याचा एक नमुना याच्या उलट टोकाचा आहे. गिरणगावातील एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळी स्त्रिया चालवत. त्यांपैकी कित्येकींच्या घरातील पुरुष आजारी किंवा बेकार असत, आणि कामावरून निघालेल्या स्त्रियांनाही हाच आसरा होता. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेची दारे त्यांच्यासाठी उघडली. संपानंतर जेवणारेच उरले नाहीत तेव्हा मंडळाने मोठ्या प्रमाणावरील अन्नपुरवठ्याकडे मोर्चा वळवला. येथे नवे कसब शिकवण्यापेक्षा असलेल्या कसबाला पत आणि गिऱ्हाईक मिळवून देण्याचे काम झाले, ते समूहाने झाले, आणि ते अधिक टिकले. सरकारी योजनांनी या उदाहरणाचा अभ्यास केल्याचे त्यांच्या रचनेवरून तरी जाणवत नाही. मंडळ स्थापन झाले त्याच, 1970 च्या दशकात महाराष्ट्राने ग्रामीण भागासाठी रोजगार हमी योजनेचा कायदा केला आणि तिच्यासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसवला; ज्या शहराच्या पगारातून हा कर गोळा होत होता, त्या शहरात काम सुटलेल्याला मात्र ती हमी लागू नव्हती.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने गिरण्यांची जमीन विकण्यास वाट करून दिली. जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेस, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडास, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणास, आणि उरलेला मालकास, अशी वाटणी त्यात होती. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरवली, म्हणजे जेथे गिरणीची बांधकामे उभी होती ती जागा हिशेबातून वगळली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य मानली. खात्यांच्या जागी कार्यालये, उपाहारगृहे आणि मॉल आले. तेथे काम होते, पण ते इंग्रजी बोलणाऱ्या, संगणक हाताळणाऱ्या तरुणांचे होते. गिरणीच्या पिढीसाठी उरला तो पहारेकऱ्याचा गणवेश, आणि तोही पुष्कळदा मुलाच्या अंगावर. ज्या आवारात बाप भोंग्यावर आत शिरे त्याच आवाराच्या फाटकावर मुलाने येणाऱ्यांच्या पिशव्या तपासाव्यात, हा बदल एका पिढीत घडला.

अनौपचारिक रीतीने मिळवलेल्या कसबाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यावे, ही कल्पना ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ या नावाने केंद्राच्या कौशल्य विकास कार्यक्रमात 2015 नंतर रुजली; तोवर परळ-लालबागच्या शेवटच्या विणकरांचे निवृत्तीचे वय उलटून गेले होते. कामगारांच्या संघटनांनी फार आधीच, 2000 च्या आसपास, आपली मागणी कामावरून घरावर आणली होती, आणि म्हाडाने 2012 मध्ये गिरणी कामगारांसाठी घरांची पहिली मोठी सोडत काढली. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर नाव असणे ही पात्रतेची अट ठरली, आणि ती सिद्ध करण्यासाठी तिकीट नंबर, ओळखपत्र, विम्याचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती अशा कागदांचा शोध गावोगावच्या पत्र्याच्या पेट्यांत सुरू झाला. कामगार आणि त्यांच्या विधवा ते पिवळे पडलेले कागद घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. त्या कागदांवर गिरणीचे नाव होते, खात्याचे नाव होते, भरतीची तारीख होती. त्या माणसाला किती साचे चालवता येत होते, हे कोणत्याही रकान्यात लिहिलेले नव्हते आणि तपासणाऱ्यालाही ते विचारायचे नव्हते.